देवपूरचा प्रीक्लिनिकल सराववर्ग: बीडीएस सेकंड इयरवाल्यांनी नक्की लावावा असा

बीडीएसच्या (दातांच्या डॉक्टरकीच्या) दुसऱ्या वर्षाला असाल आणि धुळे, जळगाव, अमळनेर या पट्ट्यात राहत असाल, तर धुळ्याच्या देवपूरमधला शनिवार-रविवारचा हा प्रीक्लिनिकल, म्हणजे पेशंटला हात लावण्याआधीचा, सराववर्ग लावाच. एक निवृत्त प्रोस्थोच्या (कवळ्या, कृत्रिम दात हा विषय) मॅडम घराच्या वरच्या मजल्यावर तो घेतात. बाहेर पाटी नाही, सीनियर मुलांकडूनच नंबर मिळतो. मी सेकंड इयरला तो लावला होता. आता थर्ड इयरला पेशंट बघतेय आणि तिथे लागलेलं वळण रोज कामी येतंय.

कॉलेजात डेमो सुरू झाला की टेबलाभोवती गर्दी होते, मागच्यांना सरांची फक्त पाठ दिसते. इथे बॅचच आठ जणांची. आणि मॅडम प्रत्येकाच्या शेजारी स्टूल ओढून बसतात.

खालच्या पहिल्या दाढेची क्लास टू कॅव्हिटी (भरण्यासाठी शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत कोरायचा खड्डा) त्यांनी कशी शिकवली ते सांगते. आधी प्लास्टरच्या मोठ्या दातावर, मग टायपोडाँटवर (नकली दातांच्या जबड्यावर), शेवटी काढलेल्या खऱ्या दातावर. टायपोडाँटचा दात आरपार सारखाच कडक असतो. खऱ्या दातात इनॅमल (वरचं कवच) संपून डेंटिन (आतला थर) लागलं की बरची (कोरणाऱ्या टोकाची) चाल बदलते, आणि ते हातालाच कळावं लागतं. 245 नंबरच्या बरचं डोकं 3 मिमी लांब असतं, म्हणजे अर्धं आत गेलं की साधारण 1.5 मिमी खोली झाली, हे त्या पहिल्याच दिवशी सांगतात. त्यामुळे दर मिनिटाला प्रोब घालून बघत बसावं लागत नाही. एअरोटर (बर फिरवणारं हवेवरचं यंत्र) मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो, म्हणून अनामिका शेजारच्या दातावर नीट टेकल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू देत नाहीत. वरचे दात आरशातच बघायचे. कुणी मान वाकडी केली की मागून अहिराणीत आवाज येतो, "कसाले घाई करस?"

खरे दात त्यांना चोपडा-यावलकडचे ओळखीचे डेंटिस्ट पाठवतात. तंबाखू-मिशरीने झिजलेले, मानेपाशी खाचा पडलेले. पुढे आपल्या ओपीडीत येणारे दात असेच असतात. निर्जंतुक करण्यातही हयगय नाही. चांदी भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये घातला तर पाऱ्याची वाफ निघते, म्हणून तसे दात वेगळ्या बरणीत दोन आठवडे 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये राहतात. बरणीवर तारीख लिहिलेली असते.

पण या वर्गाची खरी ताकद प्रोस्थोत आहे, आणि ती खान्देशच्या उन्हाशी जोडलेली आहे. पुस्तकातली कृती थंड खोली धरून लिहिलेली असते. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, मॉडेलिंग वॅक्स (कवळीचे दात लावायचं मेण) मऊ पडतं आणि सकाळी त्यात लावलेले दात दुपारपर्यंत जागा सोडतात. मॅडम उन्हाळ्यात जास्त कडक प्रकारचं मेण वापरायला लावतात, प्रत्येक दात लावल्यावर थांबायला लावतात. अल्जिनेटसाठी (जबड्याचं माप घ्यायच्या लगद्यासाठी) पाणी माठातलं, कारण कोमट पाण्यात ते ट्रे तोंडात जाण्याआधीच आवळतं. टीथ सेटिंग (मेणात दात लावणं) झालं की काचेची पट्टी वरच्या दातांवर टेकवून बघतात: सेंट्रल (मधला पुढचा दात) टेकला पाहिजे, लॅटरल (त्याच्या शेजारचा) सुमारे 1 मिमी वर, कॅनाइनचं (सुळ्याचं) टोक परत टेकलेलं. पहिल्या प्रीमोलरचा (सुळ्यामागच्या छोट्या दाढेचा) गालाकडचा कस्प (उंचवटा) टेकतो, टाळूकडचा किंचित वर. एक दात जरी चुकला तरी तो मेणातून काढून परत लावायचा. तेवढ्यासाठी माझी मैत्रीण रविवारी संध्याकाळची अमळनेरची गाडी सोडायची, पण युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला तिचं सेटिंग एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) हातात घेऊन बघितलं.

कमी काय आहे तेही सांगते. एअरोटर दोनच आहेत आणि कॉम्प्रेसर एक, त्यामुळे कॉन्सच्या (दात कोरून भरण्याच्या) दिवशी नंबर लावून बसावं लागतं. लाइट गेली की ते काम ठप्प. ऑर्थोचं (दात सरळ करण्याच्या विषयाचं) वायर बेंडिंग फार थोडं होतं. 0.7 मिमीच्या तारेतून ॲडम्स क्लास्प (दाढेला धरणारी तारेची पकड) काढून दाखवतात, पण त्याचे दोन ॲरोहेड (बाणाच्या टोकासारखे वळसे) सारखे यायला जेवढा हात बसावा लागतो तेवढा वेळ तिथे मिळत नाही. एंडोची ॲक्सेस ओपनिंग (रूट कॅनलसाठी दातात वाट उघडणं) नुसती दाखवतात, आपल्याला करायला मिळत नाही. रबर डॅम (दाताभोवती लाळ अडवायचा रबरी पडदा) तर नाहीच. एवढ्या मन लावून शिकवणाऱ्या ठिकाणी ही उणीव मला खटकते. मी मॅडमना तसं बोललेही आहे.

फी महिन्याला 2,500 रुपये. प्लास्टर त्यांचं, मेण, बर आणि टायपोडाँट आपलं. टायपोडाँट सीनियरकडून सेकंडहँड घेतला तरी चालतो, फक्त दात स्क्रूने बदलता येणारा बघून घ्या. नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होते, तीच धरा. मार्चनंतर जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी त्या उकाड्यात पहिल्यांदा मेण हातात घेऊ नका.