ग्रेनोबलमधला माझा पोस्टडॉक: ४४ सुट्ट्या आणि बिननावाचा जन्मदाखला

पुण्यात पीएचडी झाल्यावर दोन वर्षं मी फ्रान्समधल्या ग्रेनोबलला पोस्टडॉक केला, बॅटरीतल्या इलेक्ट्रोडवर. "कसं आहे गं तिकडे?" असे फोन अजून येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

जाहिरात सीएनआरएसच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या, नोकऱ्यांच्या पोर्टलवर सापडली. तिथे पोस्टडॉक म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे, मुदतीची नोकरी. सगळे तिला 'सेदेदे' म्हणतात. पगार महिना सुमारे तीन हजार युरो, पण साधारण पाचवा हिस्सा आरोग्यविमा-पेन्शनमध्ये परस्पर कापला जातो, वर आयकर. उरलेल्यात एकट्या माणसाचं नीट भागतं. करारात वर्षाला ४४ दिवस सुट्टी. पहिल्या वर्षी मी नऊच घेतल्या, तर ऑफिसातल्या बाई चक्क रागावल्या. इकडे गाइडकडे गणपतीचे दोन दिवस मागताना माझा घसा कोरडा पडायचा!

खरी चैन यंत्रांची. ईझेर आणि द्राक या नद्यांच्या संगमाजवळ ८४४ मीटर घेराचा युरोपियन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, शेजारीच लाऊ-लांजव्हँ संस्थेची न्यूट्रॉनसाठीची अणुभट्टी. बीमटाइमसाठी, म्हणजे यंत्र वापरायच्या वेळेसाठी, अर्ज सगळ्यांनाच करावा लागतो, पाळ्याही सगळ्यांनाच आठ-आठ तासांच्या. पण भारतातून येणारी मंडळी व्हिसा आणि नमुन्यांच्या डब्या सांभाळत येतात, मी सायकलवर जायचे. एकदा पहाटे तीनला लक्षात आलं की एक नमुना टेबलावरच राहिला. गेले, घेऊन आले.

आता कटकटी. निवड झाली म्हणून लगेच बॅग भरू नका. बऱ्याच प्रयोगशाळा 'झेड-एर-एर' म्हणजे प्रवेशबंदीच्या क्षेत्रात येतात. तिथे तुमची फाइल सुरक्षेच्या तपासणीला जाते आणि उत्तराला दोन महिनेही लागू शकतात. माझी इकडची शिष्यवृत्ती तोवर संपलेली, त्यामुळे ते दिवस सोलापुरात आईच्या हातचं खात काढले. त्यानंतर यजमान संस्थेचं करारपत्र, मग संशोधकांचा टॅलेंट व्हिसा. त्यावर नवऱ्याला किंवा बायकोलाही तिथे नोकरी करता येते, हे मात्र झकास.

आरोग्यविम्याच्या कायमच्या क्रमांकासाठी आईवडिलांच्या नावांसह जन्मदाखला लागतो. माझ्या दाखल्यावर त्यांची नावं होती, माझंच नव्हतं! नुसतं 'स्त्री'. आपल्याकडे जुन्या दाखल्यांची ही गत सर्रास असते, तेव्हा निघण्याआधी महापालिकेत जाऊन नाव घालून घ्या.

प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं, जेवणाच्या टेबलावर नाही. दुपारी बाराला सगळे एकत्र जेवतात, मग कॉफी, आणि कुणाचं काय अडलंय ते तिथेच कळतं. पहिले सहा महिने मी ताटाकडे बघत जेवले. फ्रेंच इथूनच शिकून जा.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो पुढच्यासाठी. मुदतवाढ तोंडी कबूल झाली होती, शेवटच्या महिन्यात "निधी नाही". कायमच्या जागा वर्षातून एकदाच निघणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेतून भरतात, सीएनआरएसचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात. राहिली युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप. तिची मुदत सहसा सप्टेंबरात असते, आणि त्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही फ्रान्समध्ये १२ महिन्यांहून जास्त राहिला असाल, तर फ्रान्ससाठी ती मिळत नाही. म्हणजे तो अर्ज भारतातूनच किंवा तिथल्या पहिल्या बारा महिन्यांत करायचा. मला हे कळलं तेव्हा तिथे चौदावा महिना चालू होता.