फॉर्टिक्लायंट ईएमएस: वर्षभराचा वापर आणि एका एसक्यूएल इंजेक्शनने ठरवलेली मांडणी

फॉर्टिक्लायंट ईएमएस हे कंपनीतील सगळ्या संगणकांच्या सुरक्षेवर एका सर्व्हरवरून देखरेख ठेवणारे फॉर्टिनेट या कंपनीचे सॉफ्टवेअर आहे. पुण्यातील आमच्या कंपनीत त्याची ७.२ ही आवृत्ती जवळपास वर्षभर चालू असून तिची देखभाल माझ्याकडे आहे. आम्ही ती बसवली तेव्हा मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेली एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून पाठवलेल्या मजकुरातून डेटाबेसकडून आपली आज्ञा पाळून घेता येण्याची) गंभीर त्रुटी दुरुस्त झालेली होती, त्यामुळे तिची झळ आम्हाला लागलेली नाही. तरीही हा अनुभव लिहिताना ती त्रुटी बाजूला ठेवता येत नाही, कारण सर्व्हर कुठे ठेवायचा, कोणते पोर्ट (नेटवर्कवरून सर्व्हरवर येण्याचे दार) कोणासाठी उघडायचे आणि कोणते लॉग किती काळ जपायचे, हे सगळे आम्ही तिचा अभ्यास करूनच ठरवले.

रोजच्या कामाविषयी माझे मत चांगले आहे. कोणत्या लॅपटॉपवर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याची आवृत्ती किती जुनी आहे आणि त्यात कोणत्या ज्ञात त्रुटी शिल्लक आहेत, ही यादी एका पडद्यावर मिळते. विभागानुसार वेगवेगळी प्रोफाइल (सुरक्षा-नियमांचे संच) लावता येतात. संशयास्पद संगणक नेटवर्कपासून तोडता येतो. मात्र ज्या सॉफ्टवेअरला एवढे अधिकार दिलेले असतात, त्याचा सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि त्याची पारख सोयींच्या यादीवरून करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सीव्हीई-२०२३-४८७८८ या क्रमांकाने नोंदलेली ती त्रुटी ७.०.१ ते ७.०.१० आणि ७.२.० ते ७.२.२ या आवृत्त्यांत होती, आणि फॉर्टिनेटने तिला १० पैकी ९.३ इतकी तीव्रता दिली होती. प्रत्येक लॅपटॉपवरील क्लायंट (ईएमएसशी बोलणारा प्रोग्राम) ८०१३ या पोर्टवरून सर्व्हरला आपली माहिती कळवतो. सर्व्हरवरील एक सेवा ती स्वीकारते आणि दुसरी सेवा त्या माहितीवरून मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससाठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, तयार करते. क्लायंटने स्वतःची ओळख म्हणून पाठवलेला मजकूर या क्वेरीत जसाच्या तसा जोडला जात होता. त्यामुळे ओळखीच्या जागी एक अवतरणचिन्ह आणि त्यापुढे आपली आज्ञा लिहून पाठवणाऱ्या कोणालाही, लॉगिन न करता, डेटाबेसकडून ती आज्ञा पाळून घेता येत होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सपी_सीएमडीशेल नावाची सोय असते, जिच्यातून थेट विंडोजच्या आज्ञा चालवता येतात. ती मुळात बंद असते, पण डेटाबेसशी जोडलेल्या खात्याला पुरेसे अधिकार असतील तर इंजेक्शनमधूनच ती चालू करता येते, आणि येथे तसेच होते. होरायझन३ या संस्थेच्या संशोधकांनी २१ मार्च २०२४ रोजी हे सविस्तर दाखवून दिले आणि चारच दिवसांनी अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. पुढे मार्च २०२५ मध्ये मेड्युसा या रॅन्समवेअरविषयीच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीच्या) अमेरिकी सरकारच्या इशाऱ्यातही तिचा उल्लेख आला.

हा दोष एकाच उत्पादकाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. मे २०२४ मध्ये इव्हांटी या कंपनीच्या एंडपॉइंट मॅनेजर या अशाच सॉफ्टवेअरमध्ये त्याच जातीची त्रुटी जाहीर झाली. तीव्रता ९.६ होती आणि त्याच नेटवर्कमधील कोणालाही लॉगिनशिवाय मुख्य सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. एसक्यूएल इंजेक्शनची पद्धत १९९८ पासून जाहीरपणे प्रसिद्ध आहे, आणि आलेली माहिती क्वेरीच्या मजकुरात न मिसळता पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवणे हा तिच्यावरचा उपायही तितकाच परिचित आहे. संरक्षणासाठी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक २०२४ मध्ये सापडावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या मांडणीत ८०१३ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे नाही. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडल्यावरच सर्व्हरशी बोलतात. याची किंमत मोजावी लागते. एखादी सहकारी आठवडाभर नाशिकहून व्हीपीएन न जोडता केवळ ईमेलवर काम करत असेल, तर तेवढे दिवस तिच्या लॅपटॉपची माहिती शिळी राहते आणि नवे प्रोफाइल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही किंमत मला मान्य आहे, पण ज्यांचे बहुतेक कर्मचारी कायम बाहेर असतात त्यांना ती परवडेलच असे नाही, आणि त्यांनी खरेदीपूर्वीच याचा विचार करावा.

लॉगकडे आम्ही विशेष लक्ष दिले. एक्सपी_सीएमडीशेल ० वरून १ वर (म्हणजे बंदवरून चालू) गेल्याची नोंद एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये होते, आणि आमच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची ओळ आहे, कारण या सर्व्हरवर ती सोय चालू करण्याचे कोणतेही वैध कारण आम्हाला नाही. अडचण अशी की मूळ रचनेत चालू लॉगखेरीज सहाच जुने लॉग राखले जातात आणि सेवा पुन्हा सुरू झाली की नवा लॉग उघडतो. म्हणजे काही रीस्टार्टनंतर पुरावा पुसला जातो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस राखणे आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक असल्यामुळे, या नोंदी आम्ही त्याच वेळी वेगळ्या सर्व्हरवर पाठवतो आणि त्या ओळीवर इशारा लावलेला आहे.

आता ७.४ वर जाण्याचा विचार चालू आहे. त्या आवृत्तीत विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हरऐवजी लिनक्स आणि पोस्टग्रेएसक्यूएल आले आहे, त्यामुळे एक्सपी_सीएमडीशेलचा प्रश्नच उरत नाही असे काहींचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही सुपरयूजरला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) कॉपी आज्ञेतून ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रोग्राम चालवता येतात. म्हणून विक्रेत्याला आम्ही लेखी विचारले आहे की क्लायंटकडून आलेल्या प्रत्येक मजकुरासाठी पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरली जाते का, आणि डेटाबेसला जोडणाऱ्या खात्याकडे नेमके कोणते अधिकार असतात. नूतनीकरणाचा निर्णय त्या उत्तरानंतरच होईल, तोपर्यंत ७.२ बंद पोर्टामागे वापरत राहण्यास माझी हरकत नाही.