साधं मेयोनीज आणि घरचे स्वाद : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या फ्रिजमध्ये बिनअंड्याच्या साध्या मेयोनीजची बाटली कायम असते. तंदुरी, पेरी पेरी असे तयार स्वाद दुकानात मिळतात, पण एक बाटली फोडली की ती संपेपर्यंत तोच स्वाद खावा लागतो, आणि त्यातले बरेचसे मला गोडच लागतात. त्यापेक्षा साधं आणायचं, लागेल तेवढं वाटीत काढायचं आणि घरात असेल ते मिसळायचं. आख्ख्या बाटलीत मात्र काहीही कालवू नका.

बिनअंड्याचंच घेण्याचं कारण फक्त शाकाहार नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली ती याच काळजीने. डब्यात चार-पाच तास राहणाऱ्या सँडविचला मला ही जोखीम नको. अंड्यातल्या बलकाचं तेल-पाणी बांधून ठेवायचं काम इथे दुधाची भुकटी किंवा सोया, स्टार्च आणि खाण्याचा डिंक करतात. नुसतं चाखलं तर ते सपक लागतं, पण त्यामुळेच त्यात घातलेला स्वाद लगेच उठून येतो.

माझा सगळ्यात आवडता स्वाद फेसलेल्या मोहरीचा. चमचाभर मोहरीची पूड थोड्या गार पाण्यात फेसायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायची. झाकण काढल्यावर वास थेट नाकात चढला पाहिजे. मगच ती मेयोनीजमध्ये घालायची, कारण आंबट लागलं की मोहरीचं चढणं थांबतं. चार चमचे मेयोनीजला अर्धा चमचा पुरतो. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि बारीक चिरलेला पातीचा कांदा यात कालवून बघा, पोळीच्या गुंडाळीत हे सारण फार छान लागतं.

त्याखालोखाल कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. यातला कांदा-लसूण आणि मसाले आधीच तेलावर परतलेले असतात, त्यामुळे तो असाच घातला तरी कच्चा लागत नाही. धनेपूड किंवा नुसतं लाल तिखट मात्र कच्चं लागतं. ते चमचाभर कोमट तेलात भिजवून, गार करून घाला. शिवाय तिखटपणा तेलात हळूहळू उतरतो, म्हणून कालवलेली वाटी अर्धा तास फ्रिजमध्ये राहू द्या. कालवल्या कालवल्या चाखून आणखी तिखट घातलं, तर जेवताना डोळ्यांत पाणी येईल.

लसूण कच्चा हवा असेल तर किसून आधी लिंबाच्या रसात टाका, उग्रपणा बराच कमी होतो. आख्खी गड्डी गॅसवर भाजून आतल्या पाकळ्या चुरडल्या तर चव आणखी गोल होते. लोणच्याचा खारही उत्तम, फोडी नकोत, नुसता खार. कोरडा ठेचा चालतो. सुकी खोबऱ्याची लसूणचटणी घातली की वडापावाला दुसरं काही लागत नाही. गोडा मसाला मला अजिबात जुळला नाही. त्याची जागा आमटीतच.

ओल्या गोष्टी जपून घाला. काकडी किसली तर पंच्यात घट्ट पिळून, टोमॅटो घ्यायचा तर बिया आणि पाणी काढून, पुदिन्याची चटणी पाणी न घालता वाटून. नाहीतर तासाभरात पाणी सुटतं आणि ब्रेड खालून ओला होतो. मीठ वेगळं घालत नाही, बाटलीतल्यात पुरेसं असतं. खार किंवा ठेचा घातला असेल तर मिठाकडे बघायचंही नाही.

सँडविच भाजताना ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लोण्याऐवजी पातळसं मेयोनीज लावते. आच मंद हवी, कारण त्यातल्या साखरेमुळे ते लवकर लाल होतं. गरम भाजीत मात्र घालू नका, फुटून तेल वेगळं होऊ शकतं. फ्रीझरमध्ये ठेवलं तरी तीच गत.

कच्चा लसूण किंवा कोथिंबीर घातलेलं मी फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाही. म्हणून बाटली लहानच आणते, फोडल्यावर लवकर संपते. तळाशी चिकटलेलं उरतं, त्यात लिंबू पिळून, मिरपूड टाकून बाटली जोरात हलवायची. कोबीच्या कोशिंबिरीला पुरेल एवढं त्यातून सहज निघतं.