मूत्राशय काढल्यावर: पोटावरची पिशवी की आतड्याचं नवं मूत्राशय?

कॅन्सरमुळे मूत्राशय काढायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पिशवी लागेल का?’ माझ्या मते त्याआधी विचारावं, ‘स्वतःच्या हाताने कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायची वेळ आली तर जमेल का?’

पिशवीच्या पद्धतीत, म्हणजे इलियल कॉन्ड्युइटमध्ये, लहान आतड्याचा १५-२० सेंमी तुकडा वापरतात. लघवी पोटावरच्या स्टोमातून (आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड) सतत पिशवीत येते. रोज कॅथेटर घालावा लागत नाही, ऑपरेशनही त्यातल्या त्यात छोटं. त्रास होतो तो स्टोमाभोवतीच्या त्वचेला आणि काहींना तिथे हर्नियाही होतो.

निओब्लॅडरला, म्हणजे आतड्याच्या नव्या मूत्राशयाला, ४० ते ६० सेंमी आतडं लागतं. पिशवी नसते, म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण या मूत्राशयाला पूर्वीसारखी लघवीची जाणीव नसते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कॅथेटर असतो. आतडं चिकट स्राव सोडत राहतं, त्यामुळे नळी तुंबू नये म्हणून ती सलाईनने धुवावी लागते. कॅथेटर निघाल्यावर घड्याळ पाहून लघवीला जायचं, रात्रीही गजर लावून उठायचं. दिवसाची गळती काही महिन्यांत बरीच आटोक्यात येते, रात्रीची मात्र अनेकांना राहते. काहींचं उलट होतं: मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. मग दिवसातून काही वेळा स्वतः कॅथेटर घालावा लागतो, तोही कदाचित कायमचा. लघवी अडली आणि पोट फुगलं तर घरी थांबू नका. निओब्लॅडर फुटू शकतं.

तिसरा मार्ग म्हणजे पोटावर छोटं तोंड असलेली आतली थैली. तिथे दर चार-सहा तासांनी कॅथेटर आयुष्यभर लागतोच, आणि थैलीत खडेही होऊ शकतात.

आतड्यातून लघवीतले क्षार-आम्ल परत रक्तात शोषले जातात. किडनी कमजोर असेल तर रक्तात आम्ल वाढतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढणारा घटक) जास्त असलेल्यांना बहुधा कॉन्ड्युइटच सुचवतात. मूत्रवाहिनीचा (किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीचा) आतड्याशी केलेला जोड कुठल्याही प्रकारात अरुंद होऊ शकतो आणि किडनी न दुखताच सुजू शकते. सोनोग्राफी टाळू नका.

हात थरथरत असतील, नजर अधू असेल, तर मी पिशवीच्या बाजूने कौल देईन. किडनी उत्तम आणि रात्री उठायची तयारी असेल, तर निओब्लॅडर.

निओब्लॅडर ठरलं तरी ऑपरेशनआधी स्टोमाची जागा बसून, उभं राहून, साडी किंवा पॅन्ट कुठे बांधता ते पाहून आखून घ्या. नवं मूत्राशय जिथे जोडायचं त्या मूत्रमार्गाच्या कापलेल्या कडेला कॅन्सर सापडला, तर ऑपरेशन टेबलावरच बेत बदलावा लागतो.