रबरी सूट म्हणून हसू नका: १५ गॉडझिला, एक प्रोजेक्टर अन् आमची आजी

धानाची मळणी आटोपली की आमच्या नागभीड-ब्रह्मपुरीकडे दोन गोष्टी जोरात असते, लग्नाची बोलणी अन् रातभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. यंदा आमच्या आंगणात तिसरी सुरू झाली, प्रोजेक्टरवर गॉडझिला, म्हणजे हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्याईनं जागा झालेला जपानी सिनेमातला समुद्री राक्षस. मामाच्या पोरानं अमेरिकेतून जुन्या गॉडझिलाचा ब्लू-रे संच आणून दिला, १९५४ ते १९७५ चे सगळे १५ सिनेमे, ८ डिस्का, अन् संगं पाटाएवढं चित्रांचं पुस्तक. किती पडला ते घरी सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

आधी कामाचं सांगून टाकतो. ब्लू-रे डिस्क कोणत्या देशात चालते याचे विभाग पाडले आहेत, त्याले रिजन म्हणते; ह्या डिस्का रिजन ए च्या आहेत अन् भारत येते रिजन सी मध्ये, म्हणजे साधा प्लेयर यायले घेतच नाही, मल्टी-रिजन प्लेयर लागते. मले हे संच घरी आल्यावर समजलं, मंग प्लेयर शोधण्यात पंधरा दिवस गेले. सबटायटल इंग्रजी, त्यामुळं आजीले अन् मोहल्ल्यातल्या पोट्ट्याईले मीच मराठीत सांगत बसलो, चौथ्या सिनेमापर्यंत घसा गेला. अजून एक खटकलं, १९६२ च्या किंगकाँगवाल्या सिनेमाची मूळ जपानी आवृत्ती शेवटच्या डिस्कवर एक्स्ट्रा म्हणून टाकली अन् मुख्य जागी अमेरिकन कापाकापीवाली ठेवली. हे काही बरं नाही केलं.

आता पहिला सिनेमा. १९५४, काळा-पांढरा, तोहो कंपनीचा, डायरेक्टर इशिरो होंडा. पोट्टे धिंगाण्याच्या आशेनं बसले होते अन् दहा मिनिटांत चूप झाले. सुरुवातच समुद्रातल्या बोटीवर, एकदम उजेड होते अन् बोट जळते. त्याच वर्षी १ मार्चले अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती अन् एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ लोकांवर तिची राख पडली होती, सिनेमा आला ३ नोव्हेंबरले. म्हणजे जखम ताजीच होती. लोकलमध्ये एक बाई म्हणते, नागासाकीतून जीव वाचवून आली अन् आता हे. आजीले हे वाक्य मी दोनदा सांगितलं, तिनं दोनदा ऐकलं.

आमच्या बाबाले मात्र वेगळाच सीन आवडला. वादळी राती ओडो बेटावर घरं पडते, ढोरं मरते, मंग गावची माणसं टोकियोले जाऊन सरकारपुढं सांगते किती घरं गेली, किती जनावरं मेली. बाबा म्हणे, "पाय बे, पंचनामा चालू झाला." अन् मंग म्हणे, "एवढ्या लवकर आयकून तरी घेतलं बाप्पा, आपल्या रानडुकराचे कागद अजून फिरूनच राहिले." त्या बेटावर एक म्हातारा आहे, तो सांगते की हे जुनंच आहे, पहिले मासे नाही घावले की पोरी द्यायचे त्याले. जवान पोट्टे त्याले हसते. वाघाच्या जंगलाले लागून राहणाऱ्या माणसाले हा म्हातारा ओळखीचा वाटते.

अन् आता तो रबरी सूट. "रबर पहिनून माणूस नाचते" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. हो, माणूसच आहे. हारुओ नाकाजिमा, १९५४ ते १९७२ लागोपाठ १२ सिनेमांत गॉडझिला झाला. पहिला सूट १०० किलोच्या आसपासचा होता, आतमध्ये बांबू-ताराचा सांगाडा, वरून लेटेक्सचे थर. बांबूचं वाचून मले आमच्या बुरडाचं आंगणच दिसलं. वरून स्टुडिओचे तापलेले लाइट. चालायचं कसं ते शिकाले हा माणूस प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वल पाहत बसे. इफेक्टचा मालक एइजी त्सुबुराया कॅमेऱ्यातली फिल्म जोरात फिरवे, म्हणजे पडद्यावर चाल जड अन् हळू दिसे. म्हणूनच तो पाय ठेवते त आपल्याले वजन वाटते, आजच्या कॉम्प्युटरवाल्या किती राक्षसांत ते वजन आहे सांगा. आवाजही तसाच, संगीतकार अकिरा इफुकुबेनं डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या ढिल्या तारांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला. बस. आंगणात ती डरकाळी झाली तवा शेजारची म्हैस दाव्याले झटके देऊ लागली, खोटं नाही सांगत.

पोट्ट्याईची पसंती वेगळी. तीन मुंडक्यांचा घिडोरा (१९६४), वरून तारांवर नाचवलेला, त्याले शिट्ट्याच शिट्ट्या. पण माझा जीव अडकला मॉथ्रावर, म्हणजे राक्षसी पतंगावर. गॉडझिलासंगच्या १९६४ च्या सिनेमात दोन अळ्या तोंडातून धागा सोडून त्याले पुरा गुंडाळते अन् समुद्रात पाडते, आजी लगेच म्हणे, "हा त कोसा होय!" कोसा म्हणजे टसर रेशमाचा किडा अन् त्याचा कोष; आमच्याकडे ऐनाच्या झाडावर ढिवर लोक तो पाळते, तिनं जिंदगीभर पाहिलेली गोष्ट. मॉथ्राचा स्वतःचा १९६१ चा सिनेमा, टोकियो टॉवर मोडून त्याच्यावर कोसा विणते तो, या संचात नाही. कोळशाच्या खाणीतून सुरू होणारा १९५६ चा रोडान, उडणाऱ्या राक्षसाचा, तोही नाही, कारण त्यात गॉडझिला नाही. चंद्रपूरकडच्या माणसानं रोडान वेगळा शोधून पाहाच.

सगळेच चांगले आहेत असं नाही. १९६७ चा गॉडझिलाच्या पोराचा सिनेमा लाडालाडात गेला, १९६९ च्यात अर्धी मारामारी जुन्याच सिनेमांची जोडलेली, १९७३ चा मेगालॉन म्हणजे पैसे संपलेल्या मंडळीचं नाटक, पण त्यात गॉडझिला शेपटीवर घसरत येऊन लाथ मारते ते पोट्ट्याईनं पाच वेळा मागं नेऊन पाहिलं. १९७१ चा हेडोरा मात्र सोडू नका. कारखान्याच्या घाणीतून झालेला राक्षस, धुराड्यावर बसून धूर ओढते चिलमीसारखा. गॉडझिला तोंडातली आग सोडून उलटा उडते, ते हसायचंच आहे, पण मधात लोकाईची हाडं उरते ते पाहून कोणी हसलं नाही.

शेवटच्या राती आजीच्या फर्माइशीनं पहिलाच पुन्हा लावला. डॉक्टर सेरिझावा पाण्याखाली उतरते, पाण्यातला ऑक्सिजन संपवणारं आपलंच हत्यार, ऑक्सिजन डिस्ट्रॉयर, सोडते, स्वतःची श्वासाची नळी स्वतःच कापते, अन् गॉडझिलाचा सांगाडा होऊन तोही विरघळते. आंगणात कोणी बोलेना. मंग आजीनं मले हळूच विचारलं, "बाबू, आतमधला माणूस पहिले काढला होता ना रे त्याईनं?"