चार मिश्यांचा मासा आणि माझे ४६,१५० रुपये

लाल शेपटीच्या कॅटफिशला तीन जोड्या, म्हणजे सहा मिश्या असतात. माझ्या घरी आलेल्या दोन्ही पिल्लांना चारच होत्या, आणि त्या मी मोजल्याही होत्या. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या, अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, म्हणून माझे नाव येथे देत नाही.

विक्रेता मोबाइलवर भेटला. निळ्या फरशीच्या टाकीत संथ बसलेल्या, पांढऱ्या पोटाच्या आणि केशरी शेपटीच्या माशाचा व्हिडिओ त्याने पाठवला आणि ‘सीमाभागातल्या आपल्या माणसांना खास सवलत’ असे म्हणून प्रत्येकी ३,५०० रुपये भाव सांगितला. अर्जापासून पावतीपर्यंत सगळे कन्नडमध्ये भरणाऱ्या आमच्यासारख्यांना कोणी अगत्याने मराठीत बोलले की आम्ही विरघळतो, हे त्याला पुरते ठाऊक असावे. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला हा मासा मीटरभराहून मोठा होतो, हे मी वाचलेले होते. त्यावर ‘आमची जात दीड फुटावर थांबते’ असे त्याने सांगितले. अशी कोणतीही जात नाही.

दोन माशांचे ७,०००, खोका व वाहतूक ८५० आणि ‘परत मिळणारा’ विमा २,२०० असे पैसे मी यूपीआयने पाठवले. त्याआधीच सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी, स्टँड आणि फिल्टर यांवर ३१,५०० खर्च झाले होते. घरी मात्र वीस हजार सांगितले.

खोका उघडला तेव्हाच सारे संपायला हवे होते. पिल्ले चंदेरी होती, अंगावर काळपट पट्टे होते आणि ती तळाशी बसण्याऐवजी काचेवर धडका देत सैरावैरा पोहत होती. मी मिश्या मोजून विचारले, तर ‘उरलेल्या दोन कातडीखाली असतात, तीन आठवड्यांत फुटतात’ असे उत्तर आले, आणि विद्यार्थ्याच्या अशा उत्तरावर ज्याने शून्य दिले असते त्या मी ते मान्य केले. इतकेच नव्हे, तर परदेशी माशांची नोंदणी न केल्यास वन खात्याची माणसे घरी येतील, असे त्याने घाबरवल्यावर आणखी ४,६०० भरले. दाखला आला नाही. नंतर त्याचा फोनही लागेना.

एकोणिसाव्या दिवशी कॅम्पातल्या मासळी बाजारात ओळखीच्या मावशींना फोटो दाखवला. ‘हे पंगस की ओ सर, किलोवर मिळतंय,’ एवढेच त्या म्हणाल्या. पंगस म्हणजे खाण्यासाठी पाळला जाणारा, मूळचा परदेशी मासा. कोणी असे मासे विकू लागल्यास, ते पाण्यात असतानाचा, तुमचे नाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी धरलेला व्हिडिओ मागवा; विक्रेता टाळू लागला की व्यवहार तिथेच सोडा.

पोलीस ठाण्यातला अनुभव वेगळाच. आधी ‘माशासाठी तक्रार?’ म्हणून हशा झाला, मग मराठीतला अर्ज परत करण्यात आला. दुसऱ्या दिवशी कन्नड अर्ज घेऊन गेलो, तर विक्रेत्याचे बँक खाते कोल्हापूरचे आहे, तिकडे जा, असे सांगण्यात आले. निपाणी ओलांडून कोल्हापूरला गेलो, तर पैसे बेळगावातून गेले आहेत, तिकडेच तक्रार द्या, असे तिथल्या साहेबांनी बजावले. सीमाप्रश्न इतकी वर्षे चिघळलेला असला तरी माझ्याबाबतीत दोन्ही राज्यांचे एकमत झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेता येते, हे मी दाखवले तेव्हा ‘सर, तुम्ही शिक्षक की वकील?’ असे विचारण्यात आले. बँकेने तर तुम्ही स्वतःच पिन टाकला होता, एवढ्यावर हात झटकले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी फोन केला असता तर रक्कम कदाचित रोखता आली असती. मी लाजेपोटी एकोणीस दिवस घालवले, तेवढी चूक माझी.

कंटाळून हे मासे राकसकोप किंवा हिडकलच्या जलाशयात सोडू नका, परकी जात आपल्या पाण्यात रुजू शकते. माझे दोघे अजून टाकीतच आहेत, नऊ इंचांचे झाले आहेत आणि रात्री दिवा लावला की काचेवर आदळतात.

परवा खानापूरच्या एका परिचितांनी मला एक व्हिडिओ दाखवला. तीच निळी फरशी, तोच मासा; फक्त नंबर नवा होता आणि भाव ४,२०० झाला होता.