मायक्रोटिक सीआरएस३२६: किनाऱ्यावरच्या लहान ब्रॉडबँडवाल्यांसाठी

मालवण, देवगड, गुहागर पट्ट्यातल्या लहान केबल-ब्रॉडबँड ऑफिसला सीआरएस३२६-२४जी-२एस+ हा मायक्रोटिक कंपनीचा स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) चांगला बसतो. २४ गिगाबिट पोर्ट, मुख्य लाइनला जोडायला २ एसएफपी-प्लस (फायबरचं मॉड्यूल घालायच्या १० गिगच्या खाचा), सिरियल कन्सोल (नेटवर्क नसतानाही केबलने आत शिरायची सोय) आणि मुख्य म्हणजे पंखा नाही. पंखा म्हटला की खारी हवा आत ओढली जाते आणि कनेक्टरवर हिरवट थर चढतो. पण डब्यातून काढला की रॅकमध्ये ठोकला, असं करू नका.

कारण याला मॅनेजमेंटचं, म्हणजे फक्त सेटिंग करायचं, वेगळं पोर्ट नाही. कंपनीच्या सेटिंगमध्ये सगळी पोर्टं एकाच ब्रिजमध्ये (एकमेकांना जोडलेल्या गटात) असतात, म्हणजे ग्राहकाच्या वायरीवरूनही १९२.१६८.८८.१ चं लॉगिन पान उघडतं. मॅनेजमेंटचं पोर्ट आपणच तयार करायचं. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) आयपी नव्हे, मॅक ॲड्रेस (यंत्राचा कायमचा पत्ता) निवडून आत या आणि सेफ मोड चालू करा; त्यात मध्येच संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे जातात. इथर२४ (२४ नंबरचं पोर्ट) ब्रिजमधून काढून त्याला १०.९९.०.१/२४ द्या. सेफ मोड रीतसर सोडा. तो न सोडता विनबॉक्स बंद केलंत तर केलेलं सगळं मागे जातं. आता लॅपटॉपला १०.९९.०.२ देऊन वायर २४ मध्ये घाला. तिथून लॉगिन झालं, तरच बाकीची दारं बंद करा: आयपी सर्व्हिसेसमध्ये टेलनेट, एफटीपी आणि लॉगिन पानाचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू बंद, विनबॉक्स आणि एसएसएच (आत शिरायच्या वाटा) फक्त १०.९९.०.० च्या या रेंजला. टूल्समधला मॅक सर्व्हर, म्हणजे आयपीशिवाय मॅक ॲड्रेसवरून आत घेणारं दार, बहुतेक जण विसरतात. तो उघडा राहिला तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

कन्सोलला सिस्को कंपनीच्या स्विचची निळी केबल चालते. स्पीड ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप, फ्लो कंट्रोल बंद. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर टर्मिनल (लॅपटॉपवरचा कन्सोलचा प्रोग्राम) सिस्कोच्या सवयीने ९६०० वर राहिलंय. काहीच आलं नाही तर आधी यूएसबी केबलचा ड्रायव्हर बघा; स्वस्त केबलमधल्या नकली चिपला विंडोज बरेचदा दाद देत नाही.

वीज १० ते ३० व्होल्ट डीसी. महावितरणची लाइट जाणाऱ्या गावात १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतो, हा मोठा फायदा. २४ व्होल्टच्या संचावर मात्र चार्जर बूस्टला (जोरात चार्ज करताना) २९ च्या आसपास जातो, तेव्हा मीटर लावून बघाच. टॉवरच्या ४८ व्होल्टला कन्व्हर्टरशिवाय हात लावू नका.

एसएफपी-प्लसमध्ये १ गिगाचं मॉड्यूल घातलं आणि लिंक येत नसेल, तर ऑटो-निगोशिएशन (स्पीड आपोआप ठरवणं) काढून १ गिग फुल डुप्लेक्स पक्कं करा. बायडाय मॉड्यूल (एकाच फायबरवरून दोन्ही दिशांनी चालणारं) असेल तर एका टोकाला १३१० नॅनोमीटरचं, दुसऱ्याला १५५० चं. दोन्हीकडे एकच लावलं तर लिंक कधीच येणार नाही. फायबरच्या निळ्या कनेक्टरला हिरवा जोडायचा नाही, तोंडाचा उतार वेगळा असतो. तांब्याची १० गिगची मॉड्यूलं तापतात, मे महिन्यात बंद रॅकमध्ये ती नकोतच. दोन इमारतींमध्येही तांबं ओढू नका; वळवाच्या विजा त्याच वाटेने येतात आणि एका फटक्यात पोर्टांची रांग घेऊन जातात.

रिकाम्या पोर्टांच्या रबरी टोप्या वेगळ्या विकत घ्या. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असाल तर त्या पहिल्याच दिवशी लावा.